हरवलेली ४५ प्यादी

आज बुद्धिबळाच्या चाली बाजूला ठेवू आणि मोहऱ्यांबद्दल बोलू.

१९६४ साली एडिंबरोमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ५ पौंडांना एक मोहरा घेतला. वहीत एका ओळीची नोंद केली आणि विषय संपला. पुढे तो मोहरा घरातच, ड्रॉवरमध्ये पडून होता. २०१९ मध्ये घरच्यांनी सदबीजच्या तज्ज्ञाला दाखवला. लिलावात किंमत आली ७,३५,००० पौंड! म्हणजे १,४७,००० पट.

का? कारण तो लुईसच्या मोहऱ्यांपैकी होता. लुईस हे स्कॉटलंडचं बेट. तिथे हा साठा १८३१ मध्ये उजेडात आला. बहुतेक मोहरे वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेले, बाराव्या शतकातले, बहुधा नॉर्वेतले.

आता गंमत बघा. हा खेळ आपल्याकडून इराण, अरब मुलूख असं करत तिकडे गेला. वाटेत प्रत्येकाने आपल्या अवतीभवतीची माणसं पटावर बसवली. आपल्या वजिराच्या जागी तिथे गालावर हात ठेवलेली राणी आहे, उंटाच्या जागी बिशप आणि हत्तीच्या जागी पहारेकरी. त्यातले काही तर लढाईच्या आवेशात चक्क ढाल चावतायत! तो ५ पौंडांचा मोहराही पहारेकरीच.

साठ्यातले ७८ मोहरे हे चार संच धरले, तर १ घोडा आणि ४ पहारेकरी कमी पडत होते. त्यातला एक सापडला, ही बातमी सगळीकडे झाली. पण मी सहज वजाबाकी केली. चार संचांना ६४ प्यादी लागतात आणि आहेत फक्त १९. म्हणजे ४५ गायब! त्यांचा कुणी उल्लेखही करत नाही. कारण सोपं आहे. राजाला चेहरा आहे, पहाऱ्याच्या शिपायालाही आहे. प्यादं म्हणजे नुसता घडवलेला छोटा खांब. उद्या एखादं कुणाच्या हाती आलंच, तर ओळखणार कसं?

म्हणून एक सांगणं. घरात आजोबांचा जुना पट असेल, तर मोहरे विखरू देऊ नका. कुठून आला, कुणी दिला, हे विचारून लिहून ठेवा. हस्तिदंती असेल, तर विकायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे त्या व्यापारावर बंदी आहे. आणि हो, मोजताना प्याद्यांपासून सुरुवात करा.

भेटू पुढच्या भागात!