नोकरी तिची, ड्यूटी माझी
(गणेशोत्सवात रेल्वे कॉलनीच्या सभागृहात दिलेले भाषण)



मंडळाने मला ‘जागतिक अर्थव्यवस्था आणि स्त्री’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी डिप्लोमावाला, रुळांवरचा माणूस. तेव्हा रेल्वेपासूनच सुरुवात करतो.

सुरेखा यादव हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, म्हणजे आमच्याच पंगतीतल्या! १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या, १९९६ मध्ये मालगाडी हाती आली, ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण इंजिनात काय असते ते इथल्या रनिंग स्टाफला विचारा. तासन् तास ड्यूटी, आणि आजही सगळ्या इंजिनांत शौचालय नाही. मुली ड्यूटीआधी पाणी कमी पितात. आणि तक्रार केली की उत्तर ठरलेले, ‘मग या लाइनीत आलात कशाला?’

पुरुषांचे तरी काय वेगळे? गाडीखाली कुणी आले की चालक मेमो देतो आणि गाडी पुढे नेतो. नंतर घास उतरत नाही, झोप लागत नाही. बोलला तर ‘कच्चा’ ठरेल म्हणून तो गप्प. गंमत अशी की त्याच इंजिनात नियम उलटा आहे. सिग्नल दिसला की सहायकाने तो मोठ्याने सांगायचा आणि चालकाने मोठ्याने परत म्हणायचा. ‘मला दिसलाच होता, बोलायचे कशाला’ हे तिथे चालत नाही. घरी मात्र आपण नेमके तेच चालवतो.

आता अर्थशास्त्र. हार्वर्डच्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. आज स्त्री-पुरुषांच्या कमाईत जो फरक दिसतो, तो बराचसा पहिले मूल झाल्यावर पडतो, असे त्यांना आढळले. कारण साधे आहे. ज्या नोकरीला वेळकाळ नाही, बोलावले की जावे लागते, तिथे पगार जास्त. घरात एकाने अशी अधाशी नोकरी धरली की दुसऱ्याला माघार घ्यावी लागते. ही माघार बहुधा कोण घेते, ते सांगायला नोबेल लागत नाही.

हे वाचले आणि मला आपली कॉलनीच दिसली. रात्री दोन वाजता ब्लॉक, पहाटे कॉल, दर चार-पाच वर्षांनी बदली. इथे बसलेल्या किती वहिनी नागपूरला, भुसावळला शिक्षिका होत्या, बँकेत होत्या? साहेबांची ऑर्डर निघाली, वहिनींचा राजीनामा गेला. सत्कार मात्र साहेबांचा. आपली मुले आता पुण्याला, बंगळूरला कंपन्यांत आहेत. त्यांचा ब्लॉक म्हणजे रात्री नऊला अमेरिकेचा फोन. मूल रडले तर फोन कोणी ठेवायचा, हा प्रश्न तोच.

सरकारने थोडे केले आहे. २००८ पासून केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पण ती द्यायची ‘तिलाच’. एकट्या पित्याचा अपवाद सोडला तर बाप त्यात कुठे बसत नाही. माझ्या मते खरी गाठ इथे आहे. ‘मला आज जमत नाही, मुलगी तापली आहे’ हे वाक्य पुरुषाने साहेबासमोर उच्चारले की स्टाफरूममध्ये हशा पिकतो. तो पिकणे थांबले, तर तिला राजीनामा लिहावा लागणार नाही.

भाषण देऊन मूल सांभाळले जात नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून एक सुचवतो. ज्यांच्या घरी दोघांची नोकरी, लहान मूल आणि रात्रपाळी आहे, त्यांनी जाताना सचिवांकडे नाव द्यावे. ज्यांच्याकडे मूल रात्री झोपू शकेल, त्यांनीही द्यावे. दुसऱ्या यादीत पहिले नाव आमच्या घराचे आहे. सौ.ला विचारूनच लिहिले आहे, आणि ती म्हणाली, पहाटेचे दूध तुम्ही गरम करायचे.