फिरत्या घराचे छप्पर

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. जो विषय हाताखालून गेला आहे तोच मी आज घेते. तो म्हणजे आपल्या कोपीवरची ताडपत्री. लग्नानंतर बारा हंगाम मी तोडीला गेले, म्हणून दोन शब्द सांगण्याचे धाडस करते.

आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, गेवराई अशा आपल्या तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट फारच रुळली. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कोणी अहिल्यानगर-पुण्याकडे, तर कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने संसार तळावर किंवा फडाशेजारी. भिंती तट्ट्याच्या, खाली उघडी जमीन आणि वर एक ताडपत्री. तिच्याखालीच पीठ, अंथरूण, मुलांची पुस्तके आणि कधी तापाने फणफणलेले माणूस. ती गळली तर बाईने रात्र जागून काढायची आणि पहाटे पुन्हा फडात जायचे. शिवाय नवी ताडपत्री उचलीतूनच घ्यावी लागते, म्हणजे तिची किंमत आपण मोळ्या वाहून फेडतो. ती एक हंगाम जास्त टिकली तर तेवढे कर्ज कमी झाले.

पूर्वी मेण चढविलेली सुती ताडपत्री असे. ती ओली घडी घातली की सडायची, म्हणून बायका तिला जपत. आता विणलेल्या प्लास्टिकची आली. ती सडत नाही, त्यामुळे तिला जपणे नको असा समज झाला आहे. तो खरा नाही. प्लास्टिकचा वैरी ऊन. उन्हाने वरचा थर वाळून त्याचे पापुद्रे निघतात, आतले धागे उघडे पडतात आणि पाणी झिरपू लागते. काळ्या प्लास्टिकात काजळी मिसळलेली असते, ती ऊन अडविते, म्हणून काळे सहसा अधिक टिकते. विकत घेताना नुसता रंग पाहू नये, 'जीएसएम' किती ते विचारावे. एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, हा त्याचा अर्थ. नव्वदची हलकी, दोनशे-अडीचशेची जाड.

माझे मुख्य सांगणे असे की, ताडपत्री गळते पावसात, पण फाटते त्याच्या आधीच: टोचून, ताणून आणि घडीत.

कोपी उभी करताना कामट्यांच्या टोकांना चिंध्या किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळावेत. सगळ्या कड्या बांधाव्यात; दोन-तीनच बांधल्या तर सारा ताण त्यांच्यावर येतो. कडी तुटली तर नवे भोक पाडू नये. त्या जागी ताडपत्रीत एक गुळगुळीत खडा धरावा आणि त्याच्यामागे दोरी आवळावी.

छपराला उतार हवाच. मीटरभर लांब-रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल डबके साठले तर ते शंभर लिटर पाणी होते, म्हणजे डोक्यावर एक क्विंटल ओझे. हंगाम कोरडा असतो असे म्हणू नये. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. चूल कोपीबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून मांडावी. ठिणगीने भोक तर पडतेच, पण भोवती पाचट असते, तेव्हा प्रश्न जिवाचा होतो.

ठिगळाविषयी थोडे सांगते. पंक्चरचे सोल्युशन या प्लास्टिकला धरत नाही. जुन्या ताडपत्रीचा तुकडा घ्यावा, त्याचे कोपरे गोल कापावेत, म्हणजे ते उचकटत नाहीत. जागा धुऊन वाळवावी. वर-खाली कागद ठेवून बेताच्या गरम इस्त्रीने दाबावे आणि गार होईपर्यंत हलवू नये. इस्त्री फार तापली तर प्लास्टिक वितळते, म्हणून आधी एका तुकड्यावर पाहावे. हे काम मोकळ्या हवेत करावे. तळावर इस्त्री नसते, तेथे दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून निभवावे. दाभणाने शिवले तर प्रत्येक टाका गळतो, हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत काही कुटुंबे मोटारीवरच्या घरात राहून फिरतात. त्यांतल्या पुष्कळ घरांच्या छतावर रबराचा थर असतो. त्याचेही नियम असेच आहेत: सौम्य साबणाने धुवावे, पेट्रोल-रॉकेलचा हात लावू नये, सांधे वरचेवर पाहून बुजवावेत. ते हौसेने फिरतात, आपण पोटासाठी. पण पाणी दोघांकडेही सांध्यातूनच शिरते.

आता घडीचे. चैत्रात गाडी गावात आली की ताडपत्रीचा बोळा गोठ्यात पडतो. पुढे सहा महिने तिच्यावर उंदीर फिरतात, फवारणीचे डबे ठेवले जातात, आणि दसऱ्याला ती उघडली की चाळणी निघते. तसे न करता ती साध्या साबणाने आणि मऊ कुंच्याने धुवावी, सावलीत वाळवावी आणि सैल गुंडाळून आढ्याला टांगावी. दरवर्षी त्याच रेघेवर घडी घालू नये, प्लास्टिक तेथेच तडकते.

तळावर पक्का निवारा मिळावा, ही आपली मागणी रास्त आहे आणि ती आपण सोडू नये. पण तो मिळेपर्यंत डोके तर झाकलेच पाहिजे. म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. अक्षय्य तृतीयेनंतर एक दिवस ठरवून सगळ्यांच्या ताडपत्र्या शाळेच्या पटांगणात आणाव्यात, धुवाव्यात, तपासाव्यात. इस्त्री आणि चिकटपट्टी मंडळाने घ्यावी. ज्या बाया गावातच राहतात त्यांनी जाणाऱ्या भगिनींसाठी एवढा एक दिवस द्यावा. पहिल्या वर्षी इस्त्री धरायला मी येईन.