शोरूमच्या गाड्या धुताना

तायांनो, वाशिमच्या शोरूमबाहेर नव्या गाड्या उभ्या असतात, पाहता न? विकायच्या आधीच धुळीनं जुन्या दिसतात. तेच आपलं काम.

पण पाइप लावून धूत बसलो, तर मे महिन्यात टँकरचं पाणी परवडत नाही अन् गावही बोल लावते. म्हणून एक गाडी दोन बादल्यांत. 15 लिटरच्या दोन म्हणजे 30 लिटर. टेम्पोवरच्या 500 लिटरच्या टाकीत 16 गाड्या होतात. आधी पाणी टाकून धूळ वाहू द्या, मगच फडकं. टपापासून खाली यायचं, चाकं शेवटी, चाकाचं फडकं वेगळं. खाली पडलेलं फडकं गाडीला लावूच नका. खड्यानं ओरखडा पडला की पैसे आपलेच कापतात.

उन्हं चढायच्या आत आटपा. बोअरचं पाणी उन्हात सुकलं की पांढरे डाग राहतात, लगेच पुसावं लागते.

अन् वही! एका ठिकाणी आम्ही महिन्यात 40 गाड्या धुतल्या, साहेब म्हणे 28च. सही नव्हती, काय बोलणार? आता काम झालं की तिथंच सही घेतो, मगच टेम्पो हलते.