मोतीबिंदूनंतरचे थेंब

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की काही दिवस डोळा लाल होतो, खुपतो. ती सूज उतरवायला डॉक्टर स्टेरॉइडचे थेंब देतात. स्टेरॉइड ही मुळात मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींतली संप्रेरकं; त्यांच्यावरील शोधांना १९५० साली नोबेल मिळालं. पुढे त्यांच्याच धर्तीवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही जास्त प्रभावी कृत्रिम औषधं आली. पण या औषधांनी काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदूचा धोका असतो. म्हणून काम करून लवकर निष्क्रिय होणारं लोटेप्रेडनॉल संशोधकांनी घडवलं.

ऑपरेशननंतर स्टेरॉइडचे हे थेंब मनाने बंद करू नका. डॉक्टर सांगतील तसे टप्प्याटप्प्याने कमी करा. हात धुवा, खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका.

आणि भंडारा जिल्ह्यातल्या धान उत्पादक बंधुभगिनींनो, कापणी-मळणीत डोळ्याला लोंब किंवा पात लागली, तर घरात उरलेले हे थेंब मुळीच घालू नका. अशा जखमेत बुरशी शिरू शकते, स्टेरॉइडने ती फोफावते आणि नजर कायमची जाऊ शकते. दुखणं अंगावर काढू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.