त्र्यंबकची नाथपरंपरा आणि कुंडलिनी

त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. परंपरा सांगते की ब्रह्मगिरीच्या गुहेत नाथपंथी गहिनीनाथांनी त्यांना अनुग्रह दिला, आणि तो वारसा धाकट्या भावाकडे, ज्ञानेश्वरांकडे आला. गीतेवरच्या आपल्या टीकेच्या, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या, अखेरीस आदिनाथांपासूनची ही गुरुपरंपरा स्वतः ज्ञानेश्वरांनीच नोंदवली आहे. तिचा ठसा सहाव्या अध्यायात स्पष्ट दिसतो. मूळ गीतेत कुंडलिनीचं, म्हणजे योगी देहात सुप्त मानतात त्या शक्तीचं, नावही नाही. ज्ञानेश्वर मात्र आसन, बंध, मग नागिणीच्या पिलासारखी निजलेली आणि जागी होणारी ती शक्ती, असं सगळं तपशिलानं मराठीत मांडतात. गुरुमुखातून गुप्तपणे दिली जाणारी विद्या त्यांनी 1290 साली लोकभाषेत खुली केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, ज्ञानेश्वरांना मानणाऱ्या वारकऱ्यांनी तर योग सोडून नामाचा सोपा मार्ग धरला. बाराव्या अध्यायात योगवाट खडतर आहे, असं ज्ञानेश्वरही बजावतात. पण खडतर म्हणजे खोटी नव्हे. सहाव्या अध्यायातही शक्ती जागी होणं हा शेवट नाही; प्राण आणि मन परब्रह्मात विरतात तिथे तो प्रवास थांबतो. अहंकार गळणं हीच भक्तीचीही कसोटी आहे. त्यामुळे कुंडलिनीकडे केवळ चमत्कार म्हणून पाहणं अपुरं ठरतं. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याआधी हे दोन अध्याय शेजारी ठेवून जरूर वाचा.