डोळ्यात पडलेले फूल आणि लेसरचा किरण



जालना जिल्ह्यातील अंकुशनगर हे नाव साखर कारखान्याशी जोडलेले आहे. अंबड तालुक्याच्या या भागात गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या फडात उतरतात, कोप्या उभ्या राहतात आणि पहाटेच्या अंधारातच कोयता चालू लागतो. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. मोळी बांधताना किंवा पाचट सोलताना ते पाते डोळ्याला ओझरते लागते. डोळ्यातून पाणी येते, डोळा लाल होतो. पण उचल घेतलेल्या जोडीला एका दिवसाचा खाडाही परवडत नाही, म्हणून काम तसेच पुढे चालते. काही आठवड्यांनी त्याच डोळ्याच्या काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसू लागतो. खेड्यात त्याला ‘फूल पडले’ असे म्हणतात.

हे फूल म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. डोळ्याच्या पुढील बाजूस घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. प्रकाशकिरण वळवून एकत्र आणण्याच्या डोळ्याच्या शक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश शक्ती या पडद्याची असते. त्याच्या वरच्या पापुद्र्यास ओरखडा गेला तर तो थोड्या दिवसांत डाग न ठेवता भरून येतो. परंतु त्या ओरखड्यातून जंतू किंवा बुरशी आत शिरली तर व्रण होतो आणि व्रण भरताना मागे अपारदर्शक वण राहतो. वण बाहुलीसमोर असेल तर दृष्टी जाते आणि चष्म्याने ती परत येत नाही. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीच्या आतील व्यक्तींच्या अंधत्वाचे पहिले कारण पारपटलाचा अपारदर्शकपणा हेच आहे. म्हणजे हे अंधत्व कमावत्या माणसाला आणि शिकत्या मुलाला गाठते.

अशा वणावर लेसरचा उपाय निघाला, त्यामागे एका भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी अमेरिकेतील आयबीएम संस्थेच्या प्रयोगशाळेत जेम्स वाईन आणि सॅम्युअल ब्लम यांच्यासह १९८१ साली एक शोध लावला. एक्सायमर लेसरचा अतिनील किरण प्राण्याच्या ऊतींचा थर आजूबाजूचा भाग न भाजता काढून टाकतो, असे त्यांना आढळले. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रॉकेल यांच्या सहकार्याने हा किरण पारपटलावर वापरून पाहण्यात आला. १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वरवरचे वण काढण्याच्या शस्त्रक्रियेस मान्यता दिली. या शस्त्रक्रियेस नेत्रतज्ज्ञ ‘पीटीके’ म्हणतात. चष्म्याचा नंबर घालविणाऱ्या ‘लॅसिक’पेक्षा ती वेगळी आहे. लॅसिक निरोगी पारपटलावर केली जाते. पीटीकेचा हेतू वण खरवडून पृष्ठभाग नितळ करण्याचा असतो. किरणाच्या एका स्पंदात मिलिमीटरचा सुमारे चार हजारावा भाग निघतो, इतके हे काम सूक्ष्म आहे.

तथापि या उपचाराच्या मर्यादा रुग्णाला आधीच सांगितल्या गेल्या पाहिजेत. वण पारपटलाच्या वरच्या दहा ते वीस टक्के जाडीत असेल तरच लेसरचा खरा उपयोग होतो. त्यासाठी वणाची खोली यंत्राने मोजावी लागते. व्रण पूर्ण शांत झालेला असावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार दिवस वेदना होतात, पुढे काही आठवडे औषधाचे थेंब घालावे लागतात, चष्म्याचा नंबर बदलू शकतो आणि क्वचित पुन्हा धुरकटपणा येतो. वरवरच्या वणामुळे पृष्ठभाग केवळ ओबडधोबड झाला असेल तर विशिष्ट कडक कॉन्टॅक्ट लेन्सनेही चांगली दृष्टी मिळते. वण खोल असेल तर मात्र पारपटलाचे रोपण हाच मार्ग उरतो. असे पहिले यशस्वी रोपण १९०५ साली एदुआर्द त्सिर्म यांनी केले. मात्र रोपणासाठी दुसऱ्याचे पारपटल लागते आणि ते केवळ नेत्रदानातूनच मिळते.

म्हणूनच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय शस्त्रक्रियेच्या टेबलावर नसून फडाच्या बांधावर आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी पारपटलावर ओरखडा गेलेल्यांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, इजेनंतर अठरा तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. पुढे लाखो रुपयांच्या यंत्राने जे अंशतः साधायचे, ते एका लहानशा नळीने वेळेवर साधले.

या दृष्टीने ग्रामपंचायतीला, शाळेला आणि कारखान्याच्या शेतकी विभागाला पुष्कळ करता येईल. डोळ्याला पाते लागले तर डोळा चोळू नये; स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, हे मुकादम, चिटबॉय आणि आशा सेविका यांनी प्रत्येक टोळीला सांगावे. डोळ्यात दूध, मध, एरंडेल किंवा पाल्याचा रस घालू नये. दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब बुरशीच्या व्रणात फार घातक ठरतात. त्या दिवसाचा खाडा मजुरीतून कापला जाणार नाही, अशी हमी मिळाली तर कामगार आपण होऊन दवाखान्यात येईल. कोपीवरच्या मुलांचे डोळे तपासण्याची संधी शिक्षकांना असते. फूल पडलेल्या रुग्णास जालना येथील श्री गणपती नेत्रालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय घाटी रुग्णालयात पाठवून, वण वरवरचा आहे की खोल, हे तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. ‘आता काही होत नाही’ असे घरीच ठरवू नये.

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत नेत्र काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके थोडे उंच करावे आणि पंखा बंद ठेवावा. चष्मा वापरणारे, मधुमेही आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोकही नेत्रदान करू शकतात. गावात मृत्यू घडला की पहिली वार्ता बहुधा सरपंचाला किंवा सदस्याला कळते. त्या घटकेला नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याजवळ असला, तर कोण्या दुसऱ्या गावातील कामगार पुढच्या हंगामात फडातली वाट पुन्हा पाहू शकेल.