बालसंधिवात : औषध केव्हां उतरवावें?

संधिवात म्हटला कीं काठी टेकीत चालणारे आजोबा आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाचाहि गुडघा सुजतो, सकाळीं उठतांना त्याचे सांधे आखडतात आणि तें लंगडूं लागतें. सोळाव्या वर्षापूर्वीं सुरू झालेला, निदान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरें कांहीं कारण न सांपडणारा असा जो संधिवात, त्यास बालसंधिवात म्हणतात. शरीराचें रक्षण करणारी शक्तीच येथें घरभेदी होते आणि स्वतःच्याच सांध्यांत दाह उत्पन्न करते.

एके काळीं ह्या रोगानें कित्येक मुलांचे सांधे कायमचे वांकडे होत. सन १९९२ मध्यें अमेरिका व सोव्हिएट रशिया येथील मुलांवरील संयुक्त प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध होऊन मेथोट्रेक्सेट ह्या औषधाचा गुण सिद्ध झाला. पुढें १९९९ मध्यें एटनरसेप्ट ह्या जैविक औषधास अमेरिकेंत मुलांसाठीं परवानगी मिळाली. जैविक औषध म्हणजे जिवंत पेशींकडून तयार करविलेलें प्रथिन. दाह चेतविणारा टी.एन.एफ. नांवाचा पदार्थ शरीरांत असतो. त्याला हें प्रथिन अडवून धरतें. पोटांत तें पचून जाईल, म्हणून सुईनें द्यावें लागतें.

ह्या औषधांनीं मूल पुन्हा धांवूं लागतें. मग आईबाप साहजिकच विचारतात, "आतां बरें आहे, तर ही सुई किती दिवस टोंचावयाची?" हा प्रश्न अगदीं रास्त आहे. दर आठवड्याची सुई मुलाला नकोशी होते. औषधानें प्रतिकारशक्ति कांहींशी मंदावते. आपल्या देशांत क्षयाचें भय असल्यामुळें औषधापूर्वीं क्षयाची तपासणी करावीच लागते. जिवंत जंतूंच्या लशी ह्या काळांत सामान्यतः टाळाव्या लागतात. आणि खर्चाचें काय? सन २०१४ मध्यें अहमदाबादच्या झायडस कंपनीनें अडॅलिमुमॅब ह्या औषधाची भारतीय आवृत्ति काढली आणि किंमत उतरली खरी; तरी सामान्य कुटुंबाला तो भार अजून जडच आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. सन २००० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, तीन महिने एटनरसेप्ट देऊन गुण आलेल्या ५१ मुलांचे दोन गट केले होते. पंचवीस जणांचें औषध चालूं ठेवलें. त्यांपैकीं ७ जणांचा रोग उफाळला. सव्वीस जणांना औषधाऐवजीं निरुपद्रवी सुई दिली. त्यांपैकीं २१ जणांचा, म्हणजे शेंकडा ८१ जणांचा, रोग उफाळला. ह्यावरून घाईचें फळ काय तें दिसतें.

परंतु रोग दीर्घ काळ शांत राहिला असेल तर चित्र पालटतें. सन २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासांत, औषधावर निदान सहा महिने रोग पूर्ण शांत असलेल्या १०६ मुलांचें टी.एन.एफ.विरोधी औषध बंद केलें. आठ महिन्यांत ३९ जणांचा रोग परत आला. ६७ जणांचा आला नाहीं. पंचाईत ही कीं, आपलें मूल ह्या ३९ मधलें कीं त्या ६७ मधलें, हें आधीं खात्रीनें सांगणारी चांचणी आज नाहीं. औषधानें दडपलेला रोग आणि खरोखरच विझलेला रोग बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून औषध उतरविणें ही एक परीक्षाच आहे, आणि ती डोळे उघडे ठेवून घेतली पाहिजे.

ती घ्यावी कशी? एकहि सांधा सुजलेला नाहीं, सकाळचें आखडणें पंधरा मिनिटांहून अधिक नाहीं, रक्तांत दाहाची खूण नाहीं, डोळे निर्दोष आहेत, आणि हें सर्व कित्येक महिने टिकलें आहे, अशी डॉक्टरांची खात्री व्हावी. मेथोट्रेक्सेट व जैविक औषध दोन्ही चालूं असतील, तर एका वेळीं एकालाच हात लावणें बरें. पुष्कळदां दोन सुयांमधलें अंतर वाढवितात. एका आठवड्याचे दहा दिवस, मग दोन आठवडे. कधीं मुलाचें वजन वाढलें तरी मात्रा तीच ठेवतात. म्हणजे मूल वाढतें आणि औषध आपोआप कमी होत जातें.

डोळ्यांविषयीं विशेष सावध असावें. ह्या रोगांत डोळ्याच्या आंत दाह होतो, पण डोळा लाल होत नाहीं आणि दुखतहि नाहीं. लहान मुलींत, थोडेच सांधे धरले असतांहि, हा धोका अधिक असतो. दृष्टि गेल्यावर कळून उपयोग नाहीं. म्हणून औषध कमी केल्यावर लवकर, आणि पुढेंहि ठरलेल्या वेळीं, नेत्रवैद्याकडून स्लिट लॅम्पनें तपासणी करवावी.

पैसे संपले म्हणून, किंवा शेजाऱ्यानें सांगितलें म्हणून, सुया चुकविणें म्हणजे औषध उतरविणें नव्हे. अडचण असेल तर ती डॉक्टरांस उघडपणें सांगा. त्यांना ठाऊक असेल तरच ते त्या काळांत मुलावर नजर ठेवूं शकतील. रोग परतला तर ती कोणाची नामुष्की नाहीं. औषध वेळेवर पुन्हा सुरू केल्यास बहुतेक मुलांचा रोग पुन्हा आटोक्यांत येतो. उशीर केल्यास मात्र सांध्याला कायमची इजा होऊं शकते.

आणि मुलालाहि विचारा. आपला सांधा आखडूं लागला हें सर्वांआधीं त्यालाच समजतें. सुई पुन्हा लागेल ह्या भीतीनें त्यानें तें लपवूं नये, इतका विश्वास घरांत असूं द्या.